टायर एकाच कडेने का झिजतो?



आपल्या भागात बैलगाडीची जागा आता बहुतेक गावांतून पिकअपने घेतली आहे. दुधाचे कॅन डेअरीला पोचवायचे, खताची पोती आणायची, जांभ्याचे चिरे वाहायचे, पहाटे कोबी-फ्लॉवर, टोमॅटो, मिरची घेऊन बेळगावचा बाजार गाठायचा, ही सगळी कामे पिकअपच करते. बेळगाव-खानापूरकडची भाजी तर रोज घाट उतरून गोव्यात जाते. कोणी जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाने साखळीकडे उतरतो, कोणी अनमोड घाटाने मोल्याकडे. या गाडीवर घर चालते. म्हणून तिच्या खर्चाचा विचार शेताच्या खर्चाइतकाच काळजीपूर्वक केला पाहिजे.

डिझेल सोडले तर पुन्हा पुन्हा करावा लागणारा मोठा खर्च म्हणजे टायर. पुष्कळ वेळा असे होते की, नवा टायर घालून पाच-सहा महिनेही होत नाहीत, आणि त्याची एक कड गुळगुळीत होते. मधली नक्षी चांगली, दुसरी कडही चांगली, पण एकाच बाजूने टायर गोटा झालेला. मालक म्हणतो, "टायरच खराब निघाला." तो दुसऱ्या कंपनीचा टायर घालतो. तोही त्याच बाजूने झिजतो.

अशा वेळी टायरला दोष देण्यात अर्थ नाही. चाक ज्या तऱ्हेने रस्त्याला टेकते, त्याच तऱ्हेने टायर झिजतो. चपलेची टाच एका बाजूने झिजली तर दोष चपलेचा नसतो, चालण्याचा असतो, तसेच हे आहे. कारण शोधल्याशिवाय नवा टायर घालणे म्हणजे फुटक्या पाटात पाणी सोडण्यासारखे आहे. हे कारण कसे शोधावे आणि चाके सरळ कशी ठेवावीत, याची माहिती या लेखात दिली आहे.

चाके सरळ असणे म्हणजे काय?

चाकांची मांडणी योग्य मापात बसवण्याला व्हील अलाइनमेंट म्हणतात. यात तीन मापे मुख्य आहेत. त्यांची नावे मिस्त्रीच्या तोंडी असतात. आपणही ती समजून घ्यावीत.

पहिले माप 'टो'. टो म्हणजे पायाचे बोट. उभे राहून खाली आपल्या पावलांकडे पाहा. दोन्ही पावलांचे चवडे एकमेकांकडे वळवले, तर तो झाला टो-इन. चवडे बाहेर फाकवले, तर टो-आउट. गाडीची पुढची दोन चाके वरून पाहिली असता अशीच आत किंवा बाहेर वळलेली असू शकतात. मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाडीत पुढची चाके चालताना किंचित बाहेर फाकू पाहतात. म्हणून अशा बहुतेक गाड्यांना कारखान्यातूनच अगदी थोडा टो-इन दिलेला असतो. त्यामुळे चालताना ती सरळ होतात. हे माप काही मिलिमीटरांचेच असते, परंतु टायरची सर्वांत जास्त नासाडी याच्याच बिघाडाने होते.

दुसरे माप 'कॅम्बर'. गाडीच्या समोर उभे राहून चाकाकडे पाहावे. चाकाचा वरचा भाग बाहेर कलला असेल, तर टायरची बाहेरची कड जास्त दाबली जाते व तीच झिजते. वरचा भाग आत कलला असेल, तर आतली कड झिजते.

तिसरे माप 'कॅस्टर'. स्टिअरिंग वळवताना चाक ज्या कण्याभोवती फिरते, त्या कण्याचा पुढे-मागे असलेला कल म्हणजे कॅस्टर. याच्या बिघाडाने टायर फारसा झिजत नाही. पण गाडी एका बाजूला ओढते, वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, किंवा चाके लटपटतात.

टोच्या बिघाडाने इतके नुकसान का होते, ते हिशेबाने पाहावे. एखादे चाक आपल्या सरळ रेषेपासून फक्त अर्धा अंश वळलेले आहे असे समजू. ६८० मि.मी. व्यासाच्या टायरवर हा फरक पुढच्या व मागच्या कडेत जेमतेम ६ मि.मी. भरतो. डोळ्यांना तो दिसतही नाही. पण असे चाक १ कि.मी. पुढे जाते, तेव्हा ते सुमारे पावणेनऊ मीटर आडवे घासले जाते. १०० कि.मी.च्या फेरीत हे घासणे ८७० मीटर होते. म्हणजे भरलेली गाडी रोज पाऊण कि.मी.हून अधिक अंतर टायर आडवा फरफटत नेते. रबर उरणार तरी कसे? शिवाय या घासण्याला जोर लागतो, आणि तो जोर डिझेलमधूनच येतो.

झीज पाहून कारण ओळखावे

टायरवर हात फिरवून आणि नीट पाहून बरेच काही कळते. गाडी सपाटीवर बंद करून, हँडब्रेक लावून, चारही टायर पाहावेत. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवले म्हणजे पुढच्या टायरची आतली कडही दिसते. ही आतली कड पाहायची पुष्कळांना सवय नसते. बाहेरून टायर चांगला दिसतो आणि आतून तार निघालेली असते. फसगत होते ती येथेच.

झिजेचे नेहमी आढळणारे प्रकार असे:

१. दोन्ही कडा झिजल्या, मधला भाग चांगला. हवा कमी आहे किंवा ओझे जास्त आहे.

२. मधला भाग झिजला, कडा चांगल्या. हवा जास्त आहे.

३. पुढच्या दोन्ही टायरांची बाहेरची कड झिजली. टो-इन जास्त आहे. घाटातील वळणे वेगाने घेण्याची सवय असेल तरीही असे होते.

४. पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड झिजली. टो-आउट झाला आहे, किंवा ओझ्याने पुढचा भाग बसून चाके वरून आत कलली आहेत.

५. एकाच टायरची एक कड झिजली. टोचा दोष दोन्ही चाके बहुधा वाटून घेतात. म्हणून एकच टायर झिजत असेल, तर त्या चाकाचा कॅम्बर बिघडला आहे, एखादा भाग वाकला आहे, किंवा बेअरिंग अथवा सांधा ढिला आहे, असा संशय घ्यावा.

६. नक्षीवर तळहात आडवा फिरवला असता एका दिशेने गुळगुळीत लागते आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखे टोचते. ही टो बिघडल्याची खूण आहे. कड झिजलेली दिसण्याच्या कितीतरी आधी ही खूण हाताला लागते, म्हणून ती सर्वांत उपयोगी.

७. टायरवर ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे. शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी झाला आहे, चाक बॅलन्स केलेले नाही, किंवा बेअरिंग ढिले आहे.

८. एकाच जागी सपाट डाग. जोरात ब्रेक मारून चाक अडकून घासले आहे.

पहिल्या दोन प्रकारांत अलाइनमेंट करून काही उपयोग नाही. तेथे हवा आणि ओझे सुधारले पाहिजे.

आधी हवा, मग ओझे

कोणत्याही दुरुस्तीपूर्वी हवा तपासावी. हवा किती पौंड असावी हे गाडीच्या दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात दिलेले असते. पुढच्या आणि मागच्या टायरांचे आकडे वेगळे असतात. रिकाम्या व भरलेल्या गाडीचेही काही वेळा वेगळे असतात. पंक्चरवाल्याने अंदाजाने "चारही सारखे भरतो" म्हटले, तर त्याला आपला आकडा सांगावा.

हवा टायर थंड असताना तपासावी. सकाळी निघण्यापूर्वीची वेळ उत्तम. गाडी चालून टायर तापला की आतील हवा फुगते व आकडा वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडू नये. सोडली, तर टायर थंड झाल्यावर हवा कमी पडते. आठवड्यातून एकदा हवा पाहण्याचा नियम ठेवावा, आणि जादा टायर म्हणजे स्टेपनीही विसरू नये.

ओझ्याची गोष्ट थोडी अवघड आहे, कारण फेरी वाचवण्याचा मोह सर्वांनाच होतो. गाडीच्या आर.सी.वर रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे जास्तीत जास्त वजन, असे दोन आकडे असतात. दोन्हींतील फरक म्हणजे ती गाडी वाहू शकेल ते ओझे. ड्रायव्हर व सोबतची माणसेही त्यातच मोजायची. यापेक्षा जास्त भरले की कमानीचे पाटे सपाट होतात, चाकांचा कल बदलतो, टायरच्या बाजू दबून गरम होतात. एका फेरीत वाचलेले पैसे टायर, पाटे आणि बेअरिंग यांतून निघून जातात. ओझे हौद्यात सारखे पसरावे. चिऱ्यांची रास एका अंगाला लावली, तर त्या बाजूचे चाक एकट्याने भार सोसते.

सांधे ढिले असतील तर अलाइनमेंट टिकत नाही

खांब हलत असेल तर त्यावर ओळंबा लावून काय उपयोग? पुढच्या चाकांचे सांधे ढिले असताना केलेली अलाइनमेंट अशीच असते. यंत्रावर आकडे बरोबर येतात, आणि गाडी फाटकातून बाहेर पडून पहिल्या खड्ड्यात गेली की ते बदलतात. म्हणून सांधे आधी पाहावेत.

सपाट जागी गाडी उभी करून मागच्या चाकांना दगड लावावेत. पुढचे एक चाक जॅकने उचलून आसाखाली भक्कम लाकडी ठोकळा किंवा स्टँड द्यावा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली हात किंवा डोके मुळीच घालू नये. जॅक सरकून माणसे दगावतात.

आता चाक वर आणि खाली धरून हलवावे. हालचाल जाणवली, तर घरातील कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावे व पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली, तर बेअरिंग ढिले आहे. तरीही हालचाल राहिली, तर किंग पिन, बुश किंवा बॉल जॉइंट झिजला आहे. नंतर चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवावे. तेथे ढिलेपणा लागला, तर टाय रॉडच्या टोकाचे सांधे किंवा स्टिअरिंग बॉक्स पाहायला हवा. मिस्त्री या ढिलेपणाला 'प्ले' म्हणतात. त्याच वेळी सांध्यांची रबरी टोपणे फाटली आहेत का, तेही पाहावे. फाटक्या टोपणातून लाल माती व पाणी आत जाते आणि नवा सांधाही लवकर खातो. जेथे ग्रीसची निपल आहे, तेथे वेळच्या वेळी ग्रीस मारावे. बैलगाडीच्या आसाला वंगण घातल्याशिवाय आपले वडील बाजाराला निघत नसत. तीच शिस्त येथेही हवी.

मागचा आसही पाहावा

अलाइनमेंट म्हणजे पुढचीच दोन चाके, असा समज आहे. पिकअपच्या बाबतीत तो पुरेसा नाही. मागचा आस पाट्यांवर यू बोल्टने आवळलेला असतो, आणि पाट्यांच्या मधोमध असलेला सेंटर बोल्ट तो जागेवर धरून ठेवतो. फार ओझ्याने आणि खड्ड्यांनी यू बोल्ट ढिले पडतात. मग सेंटर बोल्ट तुटतो आणि आस एका बाजूने पुढे-मागे सरकतो. अशी गाडी सरळ रस्त्यावरही तिरकी चालते, आणि ती सरळ ठेवण्यासाठी ड्रायव्हरला स्टिअरिंग सतत थोडे वळवून धरावे लागते.

हे घरी तपासणे सोपे आहे. पुढची चाके सरळ ठेवून, डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे. तसेच उजव्या बाजूचे मोजावे. दोन्ही बाजूंत लक्षात येण्याजोगा फरक निघाला, तर आस सरकला आहे किंवा पुढे काही वाकले आहे. पाटे बदलल्यावर किंवा यू बोल्ट उघडल्यावर काही दिवस गाडी चालवून ते पुन्हा आवळून घ्यावेत. नवे यू बोल्ट थोडे सैल पडतातच.

टेप आणि खडूने टो पाहणे

यंत्रे येण्यापूर्वी जुने मिस्त्री टो असाच पाहत. आजही अंदाज घेण्यासाठी ही पद्धत उपयोगी आहे. यात अचूक माप लागत नाही, पण वर्कशॉपला जायला हवे की नाही, ते कळते.

खळ्यासारखी सपाट, कठीण जागा निवडावी. चारही टायरांत हवा बरोबर असावी. स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी तीन-चार मीटर पुढे ढकलावी व थांबवावी. यानंतर ती मागे घेऊ नये, कारण मागे घेतल्यास सांध्यांतील ताण उलटा होतो व माप चुकते. पुढच्या दोन्ही टायरांच्या पुढच्या अंगाला, नक्षीच्या मधोमध, चाकाच्या मध्याइतक्या उंचीवर खडूने बारीक खूण करावी. दोघांनी टेप ताणून दोन खुणांमधील अंतर मोजावे व लिहून ठेवावे. मग गाडी पुढे ढकलावी. चाक अर्धा फेरा फिरून त्याच खुणा मागच्या अंगाला तेवढ्याच उंचीवर आल्या की थांबावे आणि पुन्हा अंतर मोजावे. इंजिनाखालचा भाग आड येत असेल, तर खूण थोडी खाली करावी, मात्र दोन्ही वेळा उंची एकच हवी.

पुढचे अंतर कमी भरले तर टो-इन, जास्त भरले तर टो-आउट. दोन्हींतील फरक गाडीच्या पुस्तकातील मापाशी ताडून पाहावा. फरक जास्त असेल, तर टाय रॉड स्वतः फिरवत बसू नये. तपासणी घरी करावी, दुरुस्ती जाणकाराकडून घ्यावी.

वर्कशॉपमध्ये काय सांगावे, काय विचारावे

अलाइनमेंटला जाताना गाडीवर माल नसावा, हौद्यात चिखल व दगड साचलेले नसावेत. आपल्याला काय जाणवते, ते स्पष्ट सांगावे: कोणती कड झिजते, गाडी कोणत्या बाजूला ओढते, कोणत्या वेगाला स्टिअरिंग थरथरते, मोठ्या खड्ड्यात कधी आदळली.

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॅलन्सिंगमध्ये चाकाच्या रिमला छोटी वजने लावून त्याचा भार सारखा करतात. त्याने ठरावीक वेगाला येणारी थरथर जाते. अलाइनमेंटमध्ये चाकांची दिशा व कल नीट करतात. एक केल्याने दुसरे होत नाही. बिल देताना आपण कशाचे पैसे देत आहोत, ते पाहावे.

संगणकाच्या यंत्रावर अलाइनमेंट केल्यास दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे आकडे कागदावर मिळतात. तो कागद मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. पुढच्या वेळी तुलना करता येते. यंत्रात आपल्याच गाडीचे मॉडेल निवडले आहे ना, एवढे विचारायला संकोच करू नये. ज्या पिकअपना पुढे एकसंध आस आणि पाटे असतात, त्यांत बहुधा टोच फिरवून बदलता येतो. कॅम्बर आसातच घडवलेला असतो. तो बिघडला असेल, तर आस वाकला आहे किंवा किंग पिन झिजला आहे, आणि ते काम वेगळे आहे. "सगळे बसवून दिले" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये.

गाडी एका बाजूला ओढते म्हणजे अलाइनमेंटच गेली, असेही नाही. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात आणि पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो. त्यामुळे गाडी किंचित डावीकडे झुकणे स्वाभाविक आहे. पुढच्या दोन टायरांत हवा कमी-जास्त असली तरी गाडी ओढते. थोडे चालून थांबल्यावर एकाच चाकाची रिम दुसरीपेक्षा जास्त तापलेली आढळली, तर त्या चाकाचा ब्रेक चिकटतो आहे. रिम चटका देण्याइतकी तापलेली असू शकते, म्हणून हात आधी जवळ नेऊन ऊब पाहावी. पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी घातल्यावर ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टायरचाच आहे.

केव्हा तपासावे?

गाडीच्या पुस्तकात दिलेला काळ पाळावा. तो माहीत नसल्यास दर ८ ते १० हजार कि.मी.ला एकदा तपासून घेणे चांगले. खराब रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला ते लवकर लागते. याशिवाय पुढील प्रसंगी लगेच तपासावे: नवे टायर घातल्यावर, टाय रॉड, किंग पिन, पाटे असा कोणताही भाग बदलल्यावर, मोठ्या खड्ड्यात किंवा दगडावर चाक आदळल्यावर, आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडे राहू लागल्यावर. पावसाळा संपताच रस्त्यांची चाळण झालेली असते. तेव्हा एक तपासणी ठरवून करावी.

त्याच वेळी टायरांच्या जागा बदलाव्यात. मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाडीत मागचे टायर त्याच बाजूने सरळ पुढे आणावेत, आणि पुढचे टायर फुलीसारखे उलट बाजूला मागे घालावेत. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर बाजू बदलू नये. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असतील, तर हा बदल करता येत नाही. जागा बदलल्यावर हवा त्या त्या जागेप्रमाणे पुन्हा भरावी. मात्र जागा बदलणे हा वाकड्या चाकावरचा उपाय नव्हे. दोष तसाच ठेवून टायर फिरवत राहिले, तर दोनऐवजी चारही टायर खराब होतात.

पैशाचा हिशेब

हिशेब सोपा व्हावा म्हणून काही आकडे धरून चालू. समजा, पुढच्या एका टायरला ६,००० रुपये पडतात. दोन टायरांचे १२,००० झाले. ते नीट झिजले तर ४०,००० कि.मी. चालतात, म्हणजे कि.मी.ला ३० पैसे खर्च. चाके वाकडी असल्याने तेच टायर १५,००० कि.मी.ला काढावे लागले, तर कि.मी.ला ८० पैसे पडतात. तोटा ५० पैशांचा. महिन्याला २,५०० कि.मी. गाडी चालली, तर दरमहा १,२५० रुपये रस्त्यावर घासून जातात. उलट, समजा अलाइनमेंटला ८०० रुपये लागतात व ती दर १०,००० कि.मी.ला केली, तर तिचा खर्च कि.मी.ला फक्त ८ पैसे येतो. प्रत्येकाने आपल्या गाडीचे आकडे घालून हा हिशेब घरी मांडावा. गाडीत एक वही ठेवून टायर कधी घातले, तेव्हा मीटर किती होते, अलाइनमेंट कधी केली, हे लिहीत जावे. टायरच्या बाजूवरील शेवटचे चार आकडेही टिपून ठेवावेत. २३२४ असे असेल, तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. टायर विकत घेताना हे आकडे जरूर पाहावेत.

पैशापलीकडची गोष्ट

टायरचा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. पावसात रस्त्यावरचे पाणी बाजूला सारण्याचे काम टायरवरील नक्षी करते. नक्षी गेलेला टायर पाण्यावर तरंगल्यासारखा घसरतो, आणि ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही हातातून जातात. चारचाकी गाडीच्या टायरच्या खाचांत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मि.मी. असते. नक्षी झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आली, की टायर संपला असे समजावे. हे सबंध टायरवर पाहावे. एका कडेला जरी ही पातळी गाठली, तरी तो टायर काढावा. तार दिसू लागलेला टायर घेऊन भरल्या गाडीने घाट उतरणे म्हणजे जीव धोक्यात घालणे आहे. पुढचा टायर वळणावर फुटला, तर चांगला ड्रायव्हरही गाडी सावरू शकेलच असे नाही. मालाच्या हौद्यात मजूर किंवा लग्नाची मंडळी बसवणे कायद्याने मना आहे, आणि ते का, हे अशा वेळी कळते. आपल्या गाडीत कामाला येणाऱ्या माणसांचे घरी कोणीतरी वाट पाहत असते.

काढलेल्या टायरांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ते परसात उघड्यावर टाकू नयेत. त्यांच्या आत पावसाचे पाणी साचते आणि डेंग्यू व चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास नेमका तेथेच अंडी घालतो. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. पाणी आटले तरी अंडी महिनोन्‌महिने टिकतात आणि पुढच्या पावसात फुटतात. हा डास दिवसा चावतो, म्हणून रात्रीची मच्छरदाणी एकटी पुरत नाही. जुने टायर छपराखाली ठेवावेत, भंगारवाल्याला द्यावेत, किंवा भोके पाडून माती भरून त्यांत झाडे लावावीत. शेकोटीत टायर जाळू नयेत. त्याचा काळा धूर विषारी असतो आणि मुलांच्या व म्हाताऱ्यांच्या छातीला बाधतो.

शेवटी एवढेच ध्यानात ठेवावे. आठवड्याला एकदा थंड टायरची हवा पाहावी. महिन्याला एकदा चारही टायरांवर, आतल्या कडेसह, हात फिरवावा. काही वेगळे लागले तर आधी हवा व ओझे, मग सांधे व यू बोल्ट, आणि त्यानंतर अलाइनमेंट, हा क्रम सोडू नये. नवा टायर घ्यायचाच असेल, तर जुना कशाने गेला याचे उत्तर मिळाल्यावरच घ्यावा. या कामाला महिन्यातली अर्धी सकाळ पुरते.